गोळी अर्धी केली म्हणून धोका अर्धा होत नाही

पत्र :

डॉक्टर, नमस्कार.

माझी आई ७७ वर्षांची आहे. वजन ५२ किलो. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शुगर नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, तेव्हा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, निघालं. तिला ना धडधड होते, ना दम लागतो. हृदयाच्या डॉक्टरांनी इको केला, झडपा चांगल्या आहेत म्हणाले आणि रक्त पातळ करायची गोळी दिली : अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीचे काही आठवडे ठीक गेले. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हातांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. भाऊ म्हणाला, एवढ्याशा अंगाला एवढा डोस कशाला? म्हणून आम्ही गोळी अर्धी करून द्यायला लागलो. मामा म्हणतात, त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन द्या. ते स्वतः कित्येक वर्षं घेतात, त्यांना काही झालं नाही. त्यात गेल्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरून पडली. फारसं लागलं नाही, कोपर सोलवटलं. पण आता सगळ्यांनीच धसका घेतलाय. गोळी पूर्ण बंद आहे आणि डोळ्याचं ऑपरेशनही पुढे ढकललंय. क्रिएटिनिन ०.९ आहे, म्हणजे किडनी नॉर्मल. ही गोळी खरंच लागते का? अ‍ॅस्पिरिन चालेल का? आणि हो, गुडघ्यांसाठी ती डायक्लोफिनॅक घेते, पण तेवढंच, बाकी काही नाही.

— काळजीत पडलेली मुलगी

उत्तर :

तुमच्या पत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे, ते ‘आणि हो’वालं. त्याकडे येतेच. आधी आजच्या आज करायचं ते सांगते.

पडताना आईच्या डोक्याला मार लागला होता का, हे तिला नीट विचारा. पडलेली वयस्क माणसं बहुतेकदा ‘काही नाही झालं’ म्हणून विषय मिटवतात. डोकं आपटलं असेल, किंवा त्या दिवसापासून डोकं दुखतंय, झोपाळू वाटतंय, बोलण्यात गोंधळ होतोय, चालताना तोल जातोय असं काही असेल, तर गोळी सुरू करायच्या आधी डोक्याचा सीटी स्कॅन हवा. उतारवयात मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव कधी कधी दिवसांनी, आठवड्यांनी डोकं वर काढतो. असं काही नसेल, तर आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि काही न लपवता सांगा : गोळी आम्ही अर्धी केली होती, मग बंद केली, आई पडली होती आणि ती डायक्लोफिनॅक घेते. ते रागावतील, रागावू द्या. त्यांनी ‘सुरू करा’ म्हटलं की त्याच दिवशी पूर्ण डोस सुरू करा. हे औषध अंगातून लवकर जातं. साधारण १२ तासांत त्याची पातळी निम्म्यावर येते आणि एक-दोन दिवसांत स्ट्रोकपासूनचं, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने अडण्यापासूनचं, संरक्षण संपतं. म्हणजे सध्या आईला कसलंच संरक्षण नाही.

आता ते शेवटचं वाक्य. हिरड्यांतलं रक्त आणि हातावरचे डाग यांचा सगळा आळ तुम्ही अपिक्साबॅनवर घातलात. पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना (रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांना) ढिलं पाडतात आणि जठराचं अस्तर सोलतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्या पोटात गेल्या की रक्तस्रावाची शक्यता सरळ वाढते. शिवाय त्या बीपी चढवतात आणि किडनीवर ताण आणतात, आणि अपिक्साबॅनचा काही भाग किडनीवाटेच बाहेर जातो. थोडक्यात, दोन गोळ्यांपैकी जी बंद करायची ती चालू राहिली आणि जी चालू ठेवायची ती बंद झाली. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून ठरलेल्या मात्रेत द्या. वरून लावायचं जेल चालतं का तेही विचारा; त्यातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. त्या व्यायामाचा पडण्याच्या बाबतीतही उपयोग होईल.

तुम्ही हे लपवलं असं मला म्हणायचं नाही. गुडघ्याच्या गोळीला औषध समजायचंच नाही, अशी आपल्याकडे पद्धतच पडून गेली आहे. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं की माणसं बीपीची गोळी सांगतात, थायरॉइडची सांगतात. दुखण्याची गोळी, सर्दीची गोळी, कुणी आणून दिलेला काढा यांचा उल्लेखच होत नाही. आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ती पिशवीच डॉक्टरांसमोर ठेवा.

मग भावाचा मुद्दा : अंग एवढंसं, मग डोस एवढा कसा? प्रश्न रास्त आहे. डॉक्टरही तो विचारतातच, फक्त त्याचं उत्तर ठरलेल्या निकषांवरून काढतात. अपिक्साबॅनचा कमी डोस, म्हणजे अडीच मिलिग्रॅम दोनदा, तीनपैकी दोन गोष्टी लागू असतील तर देतात : वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. तुमच्या आईला यातली एकच लागू होते, वजन. वय ७७, क्रिएटिनिन ०.९. म्हणून तिचा डोस ५ मिलिग्रॅम दोनदा. ८० पूर्ण झाली की तिच्या बाबतीत दोन निकष होतील. तेव्हा तिचे डॉक्टर बहुधा स्वतःच डोस कमी करतील. तोवर घरच्या घरी गोळीचे तुकडे नकोत.

यामागचं कारण सांगते, कारण ‘निम्मी गोळी तर निम्मा धोका’ हा हिशोब वरवर अगदी सरळ वाटतो. गरज नसताना कमी डोसवर ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आहेत. अपिक्साबॅनच्या बाबतीत त्यांच्यात स्ट्रोक जास्त दिसले आणि रक्तस्राव मात्र म्हणावा तसा कमी झालेला दिसला नाही. याचा अर्थ असा की गोळी घेण्याची सगळी कटकट माणूस सोसतो आणि जिच्यासाठी सोसतो ती गोष्टच पुरती मिळत नाही.

किडनीबद्दल ‘०.९ म्हणजे नॉर्मल’ असं लिहिलंत. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच दिसतं. पण वयस्क, बारीक बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन तयारच कमी होतं आणि आकडा फसवा निघतो. त्यासाठी वय, वजन आणि क्रिएटिनिन एकत्र धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढतात. १४० मधून वय वजा करा, म्हणजे ६३. त्याला वजनाने गुणा, म्हणजे ३२७६. क्रिएटिनिनला ७२ ने गुणून जे ६४.८ येतं त्याने भागा, आणि बाई असल्यामुळे ०.८५ ने गुणा. उत्तर साधारण ४३. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. ४३ ला अपिक्साबॅनचा डोस बदलत नाही. पण या गटातल्या काही औषधांचा बदलतो. उदाहरणार्थ रिव्हारोक्साबॅन २० ऐवजी १५ मिलिग्रॅम होतं. म्हणून ‘शेजारच्यांना जी गोळी चालली ती’ असं इथे करून चालत नाही. क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर त्याला १० ने भागून येतील तितक्या महिन्यांनी किडनी पुन्हा तपासायची, असा एक सोयीचा नियम डॉक्टर वापरतात. आईच्या बाबतीत दर चार महिन्यांनी. आणि हो, डायक्लोफिनॅक नको म्हणायला हे आणखी एक कारण.

आता मूळ प्रश्न : जिला काहीच होत नाही तिने एवढं औषध का घ्यायचं?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे एकसंध आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. मिनिटाला तीनशेच्या वर विस्कळीत विजेचे झटके तिथे उठत असतात. खालचे कप्पे त्यातले काहीच पुढे घेतात, म्हणून नाडी अनियमित लागते. वरच्या डाव्या कप्प्याला बोटासारखी एक पिशवी असते, लेफ्ट एट्रियल अपेंडेज. ओढ्याच्या आतल्या वळणावर पाणी साचून शेवाळ धरावं, तसं तिथलं रक्त मंदावतं आणि गोठू लागतं. झडपांचा गंभीर आजार नसलेल्यांमध्ये दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या या एका पिशवीत सापडतात. गुठळी तिथून सुटली की थेट महाधमनीत येते आणि तिथून मेंदूकडे जाणारा रस्ता जवळचा असतो. या आजारात स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो, आणि ही गुठळी बरीचदा मोठी असल्यामुळे ती मेंदूची मोठी रक्तवाहिनी अडवते. अशा स्ट्रोकनंतर वाचा, एक हात, एक पाय कायमचा जाण्याची शक्यता इतर स्ट्रोकपेक्षा जास्त असते.

या सगळ्यात धडधडीचा संबंध कुठेच येत नाही. धडधड जाणवणं किंवा न जाणवणं हे ठोक्यांच्या वेगावर आणि माणसामाणसावर अवलंबून असतं. गुठळी व्हायला रक्त मंदावणं पुरतं. कित्येकांना हा आजार असल्याचं पहिल्यांदा कळतं ते स्ट्रोक होऊन इस्पितळात आल्यावर. तुमच्या आईच्या बाबतीत मोतीबिंदूच्या निमित्ताने तो आधीच सापडला. हा आजार मधूनमधून येऊन आपोआप जाणारा असला, तरी औषधाचा निर्णय बदलत नाही.

तो निर्णय होतो गुणांवर. हृदय कमकुवत असेल तर एक गुण, बीपीचा एक, मधुमेहाचा एक, हार्ट अ‍ॅटॅक किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर एक, ६५ ते ७४ वयाला एक आणि ७५ च्या पुढे दोन, पूर्वी स्ट्रोक झाला असेल तर दोन. बाई असण्याचाही एक गुण धरत असत. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत तो काढून टाकला. आईचे वयाचे दोन आणि बीपीचा एक, असे तीन झाले. जुन्या पद्धतीने चार. नव्या पद्धतीत दोन गुणांपासूनच औषध द्या म्हणतात. औषधाशिवाय अशा शंभर माणसांपैकी साधारण चार-पाच जणांना वर्षभरात स्ट्रोक होतो. हा आकडा लहान वाटेल, पण तो एका वर्षाचा आहे आणि पुढच्या प्रत्येक वर्षी तो पुन्हा लागू होतो. नीट घेतलेलं औषध यातले जवळजवळ दोन तृतीयांश स्ट्रोक टाळतं. औषधाच्या जगात एवढा फायदा फार थोड्या गोळ्यांचा असतो.

मामांचं अ‍ॅस्पिरिन. इथे मी जरा ठासून लिहिते, कारण हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळीही तो देत असू. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करतं. हृदयाच्या धमनीत मेदाचा थर फुटतो, वेगाने वाहणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि हार्ट अ‍ॅटॅक येतो. त्या ठिकाणी अ‍ॅस्पिरिन उपयोगी आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात संथ रक्तातून जी गुठळी बनते, ती मुख्यतः फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्याची असते. ते जाळं विणणाऱ्या साखळीला अ‍ॅस्पिरिन हातच लावत नाही. अपिक्साबॅन नेमकं त्या साखळीतल्या एका कडीवर बसतं.

हे नुसतं तर्कावर सोडलेलं नाही. ज्यांना वॉरफरिन (रक्त पातळ करणारं जुनं औषध) देणं योग्य वाटत नव्हतं अशा साडेपाच हजारांहून जास्त रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निकाल २०११ साली आले. निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना अपिक्साबॅन. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत स्ट्रोकचं किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण वर्षाला ३.७ टक्के, अपिक्साबॅनवाल्यांत १.६ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. आता दुसरी बाजू पाहा : मोठा रक्तस्राव १.२ विरुद्ध १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच. कवटीच्या आत रक्तस्राव झालेले अ‍ॅस्पिरिनच्या गटात १३, अपिक्साबॅनच्या गटात ११. लोक अ‍ॅस्पिरिनला ‘सौम्य’ म्हणतात ते त्याच्या जुन्या ओळखीमुळे. तुमच्या आईला त्यातून रक्तस्रावाचा धोका मिळेल आणि त्या बदल्यात संरक्षण फारसं मिळणार नाही. मामा ते का घेतात मला माहीत नाही. त्यांच्या हृदयात स्टेंट असेल तर त्यांच्यासाठी ते बरोबरही असेल. पण त्यांना सांगा, मनगटावरची नाडी एकदा मिनिटभर मोजा. ठोके कसेही, कुठेही पडत असतील तर ईसीजी काढून घ्या. पासष्टी ओलांडलेल्या कुणालाही मी हे सांगते.

रक्तस्रावाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अपिक्साबॅनची वॉरफरिनशी तुलना करणारी मोठी चाचणी अठरा हजारांवर रुग्णांची होती. तीत मोठा रक्तस्राव अपिक्साबॅनवर वर्षाला शंभरात दोघांना झाला. वॉरफरिनवर तिघांना. कवटीच्या आतला रक्तस्राव ०.३३ विरुद्ध ०.८ टक्के. धोका आहे, आणि कमी करता येण्याजोगाही आहे. पण घरच्यांच्या मनात तो असतो त्याहून मोठा होतो, कारण रक्त डोळ्यांना दिसतं. बेसिनमधली लाल थुंकी सगळं घर बघतं. टळलेला स्ट्रोक कुणाला दिसत नाही. गोळीने केलेल्या कामाचा कुठलाच पुरावा घरात उरत नाही आणि तिच्या त्रासाचे डाग मात्र हातावर उमटलेले असतात. म्हणूनच इतक्या घरांत ती बंद होते.

तर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे ठरवून टाकू. हातावरचे डाग, दाढी करताना किंवा भाजी चिरताना लागलेलं जास्त वेळ वाहणं, घासताना हिरड्यांतून येणारं थोडं रक्त, यांसाठी गोळी थांबवायची नाही. मऊ ब्रश वापरा आणि दंतवैद्याकडून हिरड्या साफ करून घ्या. हिरड्या सुजलेल्या असतात म्हणून त्यांतून रक्त येतं, गोळी फक्त ते वाढवते. नाकातून आलं तर ताठ बसून मान किंचित पुढे झुकवायची आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचा, मधे उघडून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर. डांबरासारखी काळी शौच, लघवीत रक्त, रक्ताची उलटी, अचानक आलेली प्रचंड डोकेदुखी, डोक्याला मार : यातलं काहीही झालं तर फोनवर वेळ न घालवता थेट इस्पितळात जायचं. वर्षातून एक-दोनदा हिमोग्लोबिनही बघत जा. ते हळूहळू उतरत असेल तर कुठेतरी आतून रक्त झिरपत असतं.

पडण्याबद्दल. कॅनडातल्या काही डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक हिशोब मांडला होता. पडण्यामुळे मेंदूजवळ रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा जड व्हायचा, तर माणसाने वर्षात सुमारे २९५ वेळा पडायला हवं. तो कागदावरचा हिशोब आहे, त्याला घासून पुसून बघता येईल. आकडा दहापट चुकला असं धरलं तरी तुमच्या आईच्या एका घसरण्याने निर्णय फिरत नाही. आणि तिला वॉरफरिनही दिलेलं नाही. तिच्या गोळीत कवटीतला रक्तस्राव त्याच्या निम्म्याहून कमी.

पडण्यावर इलाज गोळी बंद करणं हा नव्हेच. ती का पडली ते शोधा. झोपलेली असताना आणि उठून उभी राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी बीपी मोजून बघा. उभं राहिल्यावर ते २० ने घसरत असेल तर बीपीच्या गोळ्यांची वेळ किंवा मात्रा बदलावी लागेल. बाथरूममध्ये धरायला दांडा, पायाखाली न सरकणारी जाळी, रात्री दिवा. आणि डोळा! तिला धूसर दिसतंय म्हणून ऑपरेशन ठरलं होतं. ते तुम्ही पडण्याच्या भीतीने पुढे ढकललंत, पण धूसर नजर हे स्वतःच पडण्याचं एक कारण आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका अगदी कमी असतो आणि ती बहुधा रक्त पातळ करणारी गोळी न थांबवता होते. नेत्रतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या आणि तारीख घ्या. दात काढणं, मोठी शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी यांच्या वेळी गोळी किती तास आधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे त्या त्या वेळी विचारायचं. मनाने चार-पाच दिवस आधीच बंद करणारे खूप भेटतात. एवढे दिवस सहसा लागत नाहीत.

भावाने पुढे विचारलंच तर ठोके नियमित करण्याचे उपाय आहेत : औषधं, विजेचा झटका, अ‍ॅब्लेशन (ठोके बिघडवणारी हृदयातली जागा तारेने निकामी करणं). काहींना त्यांचा चांगला फायदा होतो. पण त्यानंतरही रक्त पातळ करणारी गोळी गुणांवर ठरते, ठोक्यांवर नाही. हृदय तालात आलं म्हणून गोळी सोडलेल्यांना स्ट्रोक झालेले आहेत. ज्यांना मेंदूत किंवा आतड्यात गंभीर रक्तस्राव होऊन गेलाय आणि गोळी खरोखरच देता येत नाही, त्यांच्यासाठी हृदयातली ती गुठळ्या होणारी पिशवी आतून बंद करणारं उपकरण बसवतात. तुमच्या आईला आज त्याची गरज नाही.

वॉरफरिनबद्दल दोनच ओळी, कारण इतर वाचकांच्या घरी ते असेल. कृत्रिम धातूची झडप किंवा संधिवाताच्या तापामुळे बरीच अरुंद झालेली मायट्रल झडप असेल, तर आजही वॉरफरिन किंवा त्याच्या जातीचंच औषध लागतं, नव्या गोळ्या चालत नाहीत. तिथे आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, बहुधा २ ते ३ मध्ये ठेवायचा. धातूच्या झडपेत काहींना त्याहून जास्त. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं. आणि फार थकलेलं, वयस्क माणूस वॉरफरिनवर अनेक वर्षं नीट असेल, तर केवळ नवं म्हणून औषध बदलायचा आग्रह धरू नका. अशा रुग्णांत बदलाने रक्तस्राव वाढल्याचं २०२३च्या एका डच चाचणीत दिसलं.

गोळी चुकली तर? दिवसातून दोनदा घ्यायची गोळी सहा तासांच्या आत आठवली तर घ्या, त्यापुढे गेली तर सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम कधीच नाही. आठवड्याच्या खणांची डबी आणा. फिट्सच्या, क्षयरोगाच्या, बुरशीच्या संसर्गावरच्या काही औषधांनी अपिक्साबॅनची रक्तातली पातळी वरखाली होते, तेव्हा नवं काही सुरू करताना ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

बीपीकडे कुणी लक्ष देतंय का, हे पत्रावरून कळलं नाही. ‘बरीच वर्षं गोळी चालू आहे’ म्हणजे बीपी ताब्यात आहे असं नव्हे. घरी मशीन ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून डॉक्टरांना दाखवा. बीपी नीट राहिलं तर गुठळीचा स्ट्रोकही कमी होतो आणि रक्तस्रावाचाही. दोन्हीकडून काम करणारं एवढं स्वस्तातलं दुसरं काही माझ्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट मला पत्रभर शोधूनही सापडली नाही. भाऊ काय म्हणतो ते आहे, मामा काय म्हणतात ते आहे. आई काय म्हणते? तिला कुणी समोर बसवून सांगितलंय का, की ही गोळी कशासाठी आहे? वयस्क बायकांना आकडे कळणार नाहीत असं आपण परस्पर धरून चालतो. शंभर जणींपैकी चार-पाच आणि एक-दोन यातला फरक कुणालाही कळतो. तिला हेही विचारा, की हातावर डाग उठणं आणि बोलता न येणं यातलं तिला काय जास्त नकोय. माझा अंदाज आहे तिचं उत्तर स्वच्छ असेल. सगळं समजून घेऊनही ती नको म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी त्याचा मान ठेवायला हवा. पण तो निर्णय तिचा असायला हवा, मामांचा नाही.

आणि सगळं नीट करूनही स्ट्रोक होऊ शकतो, म्हणून हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अचानक तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं किंवा बोललेलं न कळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. काही मिनिटांत आपोआप बरं झालं तरी थांबायचं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची आणि सीटी स्कॅन आहे अशा इस्पितळात न्यायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तारेने गुठळी ओढून काढायला निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत मुदत मिळते, पण प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. वाटेत तिला पाणी, गोळी, काहीही तोंडातून देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण स्ट्रोक गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय सांगता येत नाही. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात दोन गोष्टी सांगा : ती शेवटची ठीक कधी दिसली होती, आणि अपिक्साबॅनची शेवटची गोळी किती वाजता घेतली. इंजेक्शन द्यायचं की थेट गुठळी काढायला न्यायचं, हे त्या दुसऱ्या उत्तरावरही ठरतं. त्यामुळे डबीच्या झाकणावर वेळ लिहायची सवय आजपासूनच लावा.